फिटनेस बँडचा आकडा आणि ताटातला घास: हिशेब जुळवायचा कसा

रात्री झोपताना बँड सांगतो, आज २१५० कॅलरी खर्च झाल्या. ॲपमधली जेवणाची नोंद १६०० ची. म्हणजे ५५० ची तूट. रोज एवढी तूट पडत असेल तर चार आठवड्यांत दोन किलो उतरायला हवेत. प्रत्यक्षात काटा जेमतेम अर्धा-पाऊण किलो खाली येतो. मग माणूस एक तर जेवण आणखी तोडतो, नाहीतर वैतागून बँड कपाटात टाकतो. दोन्हीची गरज नाही. बँडचा आकडा चुकतो हे खरं, पण एकाच माणसाच्या हातावर तो बहुधा एकाच बाजूला आणि साधारण सारख्याच प्रमाणात चुकतो. ती चूक किती, हे घरच्या घरी पाच आठवड्यांत काढता येतं. एकदा काढली की तोच बँड कामाचा ठरतो.

उदाहरणासाठी पूर्ण लेखात एकच व्यक्ती धरू. स्त्री, वय ४२, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ६८ किलो, दिवसभर ऑफिसात बसून काम, संध्याकाळी तासभर चालणं. तुमचे आकडे त्या जागी घालत चला.

बँडला नेमकं काय कळतं

बँडला तीन गोष्टी कळतात: हात किती आणि कसा हलला, हिरव्या प्रकाशातून दिसलेले नाडीचे ठोके, आणि तुम्ही भरलेलं वय, उंची, वजन, लिंग. कॅलरी यांतल्या कशातच थेट दिसत नाही. तो आकडा सूत्रातून येतो.

दिवसभराच्या खर्चातला सर्वात मोठा भाग म्हणजे नुसतं जिवंत राहण्यासाठी लागणारी ऊर्जा. त्यासाठी १९९० मध्ये आलेलं मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्र सगळीकडे वापरलं जातं. वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुष असेल तर त्यात ५ मिळवायचे, स्त्री असेल तर १६१ वजा करायचे. आपल्या उदाहरणात ६८० + ९८७.५ − २१० − १६१, म्हणजे सुमारे १३००. तासाला ५४. एकूण खर्च दाखवणारा बँड मध्यरात्री शून्यावर येतो आणि सकाळी सहाला डोळे उघडले की सव्वातीनशे कॅलरी 'जळलेल्या' दिसतात, त्या ह्याच. काही बँड मात्र फक्त हालचालीचा आकडा दाखवतात, आणि ॲपल वॉचसारखी घड्याळं दोन्ही वेगवेगळे दाखवतात. तुमचा कोणता, हे ओळखायची सोपी खूण: सकाळी उठल्या उठल्या पाहा. आकडा शून्याच्या आसपास असेल तर तो फक्त हालचालीचा.

उरलेला भाग हालचालीचा, आणि गोंधळ तिथे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली. नाडी बहुतेकांनी पाच टक्क्यांच्या आत बरोबर मोजली. कॅलरीत मात्र सर्वात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वात वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हापासून उपकरणं सुधारली असली तरी अडचण मुळातली आहे: नाडी वाढली ती श्रमाने, की मे महिन्यातल्या उकाड्याने, की कडक चहाने, की बॉसच्या फोनने, हे बँडला वेगळं काढणं अवघड जातं.

आधी बँड नीट घाला

मनगटाच्या हाडापासून एक ते दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला. व्यायाम करताना पट्टा एक भोक घट्ट करा. हात हलवला की बँड सरकता कामा नये, आणि काढल्यावर खोल वळ उमटता कामा नये. बांगड्या किंवा कडं असलेल्या हातात घालू नका. बांगडी आपटून बँड उचलला जातो, फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो आणि नाडीची नोंद तुटते. मनगटावर गडद गोंदण असेल तर प्रकाश अडतो, दुसरा हात वापरा. बँड कोणत्या हातात आहे हे ॲपच्या सेटिंगमध्ये बरोबर भरा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या हातात घातला आणि सेटिंगमध्ये 'डावा' राहिला तर भांडी घासणं, पोळ्या लाटणं यातली हालचाल पावलांत जमा होऊ शकते.

नाडी एकदा हाताने पडताळा. भरभर चालता चालता थांबा, लगेच दुसऱ्या हाताची दोन बोटं अंगठ्याच्या मुळाशी ठेवून १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. बँड १२५ दाखवतो आणि बोटांना १०० लागतात, असं आढळलं तर बँड नाडीऐवजी तुमच्या पावलांचा ठेका मोजतो आहे. सैल पट्ट्यावर हे हमखास होतं, कारण भरभर चालण्याचा ठेका मिनिटाला ११० ते १३० पावलांचा आणि धावण्याचा १६० च्या पुढचा असतो. पट्टा आवळून पुन्हा तपासा.

अंतरही तपासा. गावातल्या मैदानावर ४०० मीटरचा आखलेला ट्रॅक असेल तर आतल्या मार्गिकेतून पाच फेऱ्या मारा, दोन किलोमीटर होतात. बँड २.३ दाखवत असेल तर त्याने पाऊल लांब धरलंय. पावलाची लांबी हाताने भरायची सोय असल्यास भरा.

बँड कुठे फसतो, हे माहीत असलं की पुढचा त्रास वाचतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीची हँडल धरलेला हात हादरतो आणि पावलं वाढतात. उलट छत्री धरून, बाबागाडी ढकलत, ट्रेडमिलची दांडी पकडून चालताना हात स्थिर असतो, पावलं गळतात. सायकल चालवताना पावलं नसतात, त्यामुळे 'सायकलिंग' सुरू केल्याशिवाय बराच खर्च नोंदलाच जात नाही. वजनं उचलण्याच्या व्यायामात तर बँड जवळजवळ चाचपडतच असतो, तो आकडा सोडून द्या.

एकच चालणं दोनदा मोजलं जातं

माझ्या मते हिशेब बिघडण्याचं सर्वात मोठं कारण हेच. बँडच्या अचूकतेपेक्षाही मोठं.

ॲप सुरू करताना विचारतं, तुम्ही किती सक्रिय आहात? रोज तासभर चालणारी व्यक्ती प्रामाणिकपणे 'मध्यम सक्रिय' निवडते. ॲप १३०० ला १.५५ ने गुणून २०१५ हा दिवसाचा खर्च धरतं. त्यात ते तासभराचं चालणं आलंच. मग संध्याकाळी बँड जोडलेला असल्याने चालण्याचे २४० वर जमा होतात. झाले २२५५. आपल्या उदाहरणातल्या व्यक्तीचा खरा खर्च, पुढे काढून दाखवतो त्याप्रमाणे, १७६५ आहे. म्हणजे ॲप रोज ४९० कॅलरींची मुभा देतं, जी अस्तित्वातच नाही.

उपाय सोपा आहे. बँड ॲपला जोडलेला असेल तर सक्रियतेची पायरी सर्वात खालची, बैठी, निवडा. बँड जोडलेला नसेल तर खरी पायरी निवडा आणि व्यायाम वेगळा भरू नका. दोन्हींपैकी एकच. काही ॲप फक्त फरक जमा करतात, काही सगळा आकडा. तुमचं काय करतं हे पाहायला अर्ध्या तासाच्या चालण्याआधी आणि नंतर 'आज किती शिल्लक' हा आकडा टिपून ठेवा. आणखी एक: फोन स्वतः पावलं मोजतो, बँडही मोजतो. दोन्ही एकाच ॲपला जोडलेले असतील तर एक स्रोत बंद करा.

दुसरा, छोटा दुहेरी हिशेब त्या तासातच लपलेला असतो. ६८ किलोची व्यक्ती ताशी पाच किलोमीटरने तासभर चालली की सुमारे २४० कॅलरी दिसतात. पण तो तास सोफ्यावर बसून घालवला असता तरी ५४ गेल्याच असत्या. चालण्यामुळे जादा गेल्या त्या १७० ते १८५. लक्षात ठेवायला सोपं असं गणित: सपाट रस्त्यावर चालण्याचा निव्वळ खर्च किलोमीटरला, किलो वजनामागे अर्धी कॅलरी. ६८ गुणिले ५ गुणिले अर्धा, १७०. धावलं तर किलोमीटरला किलोमागे जवळपास एक. जिने चढण्याचं म्हणाल तर एका मजल्याला, तीन मीटर धरून, या वजनाला दोन-सव्वादोन कॅलरी. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा जिने उत्तम व्यायाम, पण दहा मजले चढून पोळीएवढ्या कॅलरी जात नाहीत.

स्वयंपाकघरातला काटा

खर्चाची बाजू चुकते तशी जमेचीही चुकते, आणि आपल्या जेवणात ती जास्त चुकते, कारण ॲपमधल्या 'एक वाटी' आणि 'एक पोळी' या नोंदी कुणाच्या तरी वेगळ्याच घरातल्या असतात. पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणारा डिजिटल स्वयंपाक-काटा घ्या. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा आणि पाच किलोपर्यंत झेपणारा. बँडपेक्षा हा महत्त्वाचा.

पोळीपासून सुरुवात करा. लाटी काट्यावर ठेवा. ५० ग्रॅमच्या लाटीत साधारण ३० ग्रॅम कोरडं पीठ असतं, उरलेलं पाणी. गव्हाच्या पिठात १०० ग्रॅमला ३२० ते ३४० कॅलरी, म्हणजे पोळीची १००. घडीच्या पोळीत आत अर्धा चमचा तेल गेलं की १२०, वर अर्धा चमचा तूप फिरवलं की १४०. २० ग्रॅम पिठाचा कोरडा फुलका ६५ वर राहतो. 'मी तीनच पोळ्या खाते' हे वाक्य त्यामुळे २०० पासून ४२० पर्यंत काहीही असू शकतं.

भाकरीबद्दल मोठा गैरसमज आहे. ज्वारीचं पीठ १०० ग्रॅमला सुमारे ३३५, म्हणजे गव्हाइतकंच. हाताने थापलेली घरची भाकरी ६० ते ८० ग्रॅम पिठाची होते, तिच्या कॅलरी २०० ते २७०. एक भाकरी म्हणजे दोन पोळ्या. भाकरी चांगलीच आहे, तिच्यात तेल नाही आणि ती पोटभरीची आहे, पण दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या आल्या तर वजन उतरायचं कारण उरत नाही.

वरण, आमटी, उसळ, भाजी यांसाठी भांड्याची पद्धत वापरा. रोजच्या पातेल्यांची आणि कढईची रिकामी वजनं एकदाच करून कागदावर लिहा, तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आमटी करताना सगळं कोरडं मोजून घाला. तूरडाळ १५० ग्रॅम, ५०० कॅलरी. फोडणीचं तेल दोन चमचे, ८०. गूळ १० ग्रॅम, ३८. मसाले, कोथिंबीर सोडून द्या. एकूण ६१८. शिजल्यावर भरलेलं पातेलं काट्यावर ठेवा, रिकाम्याचं वजन वजा करा. १२०० ग्रॅम भरली तर १०० ग्रॅमला साडेएक्कावन्न, आणि २०० ग्रॅमच्या वाटीत १०३. आमटी पातळ केली की वाटीतला आकडा खाली येतो, घट्ट केली की वर जातो, ॲपमधल्या नोंदीला यातलं काही ठाऊक नसतं. एकदा हे गणित केलं की ॲपमध्ये 'घरची आमटी' म्हणून साठवून ठेवा. पंधरा-वीस पदार्थ झाले की महिन्याचा बहुतेक स्वयंपाक त्यात बसतो.

भाताची चूक एका शब्दाची असते. कच्चा तांदूळ १०० ग्रॅमला ३५५ च्या आसपास, शिजलेला भात सुमारे १३०. १५० ग्रॅम भात खाऊन नोंदीत 'तांदूळ, कच्चा' निवडला तर १९५ च्या जागी ५३० लागतात. डाळीत हीच चूक उलटी होते.

तेलाचा हिशेब पळीने करा. तुमच्या तेलाच्या भांड्यातल्या पळीत किती मावतं ते औषधाच्या मापाने मोजा; १० मिलिलिटर असेल तर ८०, १५ असेल तर १२०. आणि महिन्याचा पडताळा घ्या. चार माणसांच्या घरात तीन लिटर तेल संपत असेल तर माणशी दिवसाला २५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २०५ कॅलरी झाल्या. तुमच्या नोंदीत तेल रोज ८० दिसत असेल तर उरलेलं तेल तळणीत टाकून दिलेलं नसताना कुठे गेलं, ते शोधा. बहुधा भाजीची नोंद 'बिनतेलाची' असते.

चहा वेगळा लिहा. ६० मिलिलिटर फुल क्रीम दूध आणि दोन चमचे साखर, जवळपास ९०. दिवसात तीन झाले की २७०, म्हणजे दीड तासाच्या आसपास चालणं. दाण्याचं कूटही निसटतं, दहा ग्रॅमचा एक मोठा चमचा ५५ चा.

आणि उपवास. संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार या दिवशी नोंद करायची राहून जाते, कारण 'आज काही खाल्लंच नाही' असं वाटतं. एका बशी खिचडीत साबुदाणा ६० ग्रॅम, कूट २५ ग्रॅम, तूप दोन चमचे, थोडा बटाटा: ४६० च्या घरात. दोन वेळा खिचडी आणि मधे वेफर्स झाले तर तो आठवड्यातला सर्वात भारी दिवस असू शकतो. उपवास जरूर करा, फक्त त्या दिवशीही लिहा. वऱ्याचे तांदूळ, ताक, फळं यांनी तोच दिवस हलका होतो. सणाचं म्हणाल तर एक पुरणपोळी वर तुपाच्या धारेसह ३०० च्या पुढे जाते, वडापाव साधारण ३०० चा.

पाच आठवड्यांची नोंद आणि तुमचा स्वतःचा गुणक

या काळात नवीन डाएट किंवा नवा व्यायाम सुरू करू नका. जे चालू आहे तेच चालू द्या, नाहीतर अंगातलं पाणी कमी-जास्त होऊन गणित फसतं.

१. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा. काटा कडक फरशीवर, एकाच जागी. सतरंजीवर ठेवला की आकडा बदलतो.

२. खाल्लेलं सगळं लिहा. हॉटेलात जेवलात तर अंदाज लिहा, दिवस कोरा सोडू नका.

३. रोज रात्री बँडचा एकूण खर्चाचा आकडा टिपा. बँड काढून ठेवल्याने अर्धा दिवस गेला असेल तर तो दिवस सरासरीतून वगळा.

४. पहिल्या आठवड्याच्या वजनाची सरासरी आणि पाचव्या आठवड्याची सरासरी काढा. या दोहोंमध्ये बरोबर २८ दिवस असतात. पहिल्या आणि चौथ्या आठवड्याची तुलना केली तर अंतर २१ दिवसांचं होतं. ही चूक अगदी सहज होते आणि उत्तर बिघडवते. स्त्रियांसाठी २८ दिवसांचा आणखी एक फायदा: पाळीच्या आधी अंगात पाणी साठून वजन एक-दोन किलोने वाढू शकतं, आणि चक्र नियमित असेल तर चक्रातल्या साधारण त्याच दिवसांची तुलना होते.

आता आकडे घाला. पहिला आठवडा ६८.२ किलो, पाचवा ६७.६. फरक ०.६ किलो. एक किलो चरबीमागे ७७०० कॅलरी धरतात, ०.६ गुणिले ७७०० म्हणजे ४६२०, भागिले २८, दिवसाला १६५. रोजच्या जेवणाची सरासरी १६००. म्हणून खरा खर्च १६०० अधिक १६५, १७६५. वजन वाढलं असतं तर मिळवण्याऐवजी वजा केले असते. बँडची सरासरी २१५०. १७६५ भागिले २१५०, ०.८२.

हा तुमचा गुणक. यापुढे बँडने काहीही दाखवलं की त्याला ०.८२ ने गुणायचं. तुमचा बँड फक्त हालचालीचा आकडा देत असेल तर त्यात सूत्रातले १३०० मिळवून मग सरासरी काढा.

यात एक गोष्ट फार चांगली घडते. तुमच्या नोंदीत रोज ८०-१०० कॅलरी निसटत असतील, चाखून पाहिलेलं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, तर ती गळतीसुद्धा या गुणकात सामावली जाते. अट एवढीच की लिहिण्याची पद्धत पुढेही तीच ठेवा. महिना झाल्यावर अचानक काटेकोर झालात तर गुणक पुन्हा काढावा लागेल.

अचूकतेची मर्यादाही लक्षात ठेवा. वजनाच्या सरासरीत २०० ग्रॅमचा फरक पडला तरी दिवसाला ५५ कॅलरी इकडे-तिकडे होतात. त्यामुळे ०.८२ आणि ०.८४ यांत गुंतून पडू नका.

तूट किती, आणि कुठून

दिवसाला २५० ते ३५० कॅलरींची तूट बहुतेकांना निभते. आपल्या उदाहरणात ३१५ धरू. महिन्याला सव्वा किलोच्या जवळ. १६५ ची तूट आहेच, आणखी १५० हव्यात. त्यातल्या ५० जेवणातून: फोडणीत स्वतःच्या वाट्याचं एक चमचा तेल कमी, चहात अर्धा चमचा साखर कमी. उरलेल्या १०० साठी रोज तीन किलोमीटर जास्त चालणं, सकाळी दीड आणि दुपारच्या जेवणानंतर दीड. ताटात जवळपास काही बदललेलं दिसत नाही, म्हणूनच हे टिकतं.

दहा हजार पावलांचा आग्रह धरू नका. तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला. तुमची सध्याची सरासरी ५५०० असेल तर पुढच्या पंधरवड्यात ७००० करा, मग बघा. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचं आहे, आणि दोन दिवस स्नायूंच्या व्यायामाचं. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम.

ते दोन दिवस वगळू नका, बँड त्यांचं फारसं श्रेय देत नाही म्हणून तर नाहीच. तूट असताना शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरतं. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, यांनी स्नायू राखले जातात. त्याच्या जोडीला प्रथिनं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांची २०२० ची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे. वजन उतरवताना १ ते १.२ ग्रॅम धरा. ६८ किलोला ६८ ते ८० ग्रॅम. ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ ११ ग्रॅम देते, ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचं वरण साडेसहा, दोन अंडी १२, ३० ग्रॅम सोयाबीन वडी १५, बांगड्याचा १०० ग्रॅम मासा १९-२०. नुसत्या वरण-भात-पोळीवर हा आकडा गाठणं जड जातं.

स्वतःच्या मनाने रोजचं खाणं १२०० च्या खाली नेऊ नका. केस गळणं, पाळी चुकणं, सतत थंडी वाजणं, झोप मोडणं ही जास्त तूट पडल्याची चिन्हं आहेत. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना जेवण कमी आणि चालणं जास्त केलं तर साखर ७० च्या खाली जाऊन चक्कर येऊ शकते. डोस बदलायचा का, हे डॉक्टरांनी आधी ठरवायला हवं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी श्रमातही फारशी वाढत नाही, त्यांचा बँड खर्च कमी दाखवतो, आणि नाडीच्या झोनवर त्यांनी विसंबू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं आणि खाण्याच्या विकारातून गेलेल्यांनी हा हिशेब करूच नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारा.

व्यायामाच्या कॅलरी परत खायच्या का

रोजच्या तासाभराच्या चालण्यासाठी नाही. ते चालणं गुणक काढताना सरासरीत आलेलं आहे.

लांबच्या दिवसांचं वेगळं. पुण्याहून रविवारी सिंहगड पायथ्यापासून चढून गेलात तर सुमारे ६०० मीटर चढाचा निव्वळ खर्च ६८ किलोच्या माणसाला ४५० ते ५०० च्या आसपास येतो. बँड उन्हात भरभर धडधडणाऱ्या नाडीवरून ८०० सुद्धा दाखवेल. अशा दिवशी नेहमीपेक्षा २५० जास्त खा, म्हणजे निम्मे. गडावर पिठलं-भाकरी आणि दही त्यात नीट बसतं. त्यावर कांदाभज्यांची प्लेट घेतली की ओलांडतं. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना मात्र तूट आणि लांब धावणं एकत्र झेपत नाही. आठवड्याचं मोठं धावणं असेल त्या दिवशी आणि आदल्या रात्री तूट ठेवू नका.

हिशेब आठवड्याचा धरा, दिवसाचा नको. आठवड्याचं बजेट १५५० गुणिले ७, १०,८५०. शनिवारी लग्नाच्या पंगतीत ६०० जास्त झाले तर बाकीच्या सहा दिवसांत शंभर-शंभर कमी होतात. दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं कारण नाही. त्या पंगतीनंतर काटा एक किलो वर गेला तर घाबरू नका, तो मिठाने आणि भाताने धरलेल्या पाण्याचा असतो. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा ७७०० जास्त लागतात, म्हणजे रोजचं जेवण जेवून वर २५ वडापाव.

अडलं तर

तीन आठवडे सरासरी हलली नाही तर आधी जेवण कापू नका. या क्रमाने बघा. नोंद सैल झाली का. काटा काढून तीन दिवस पुन्हा सगळं तोला. मग पावलं बघा: कमी खायला लागलं की माणूस नकळत कमी हलतो, संध्याकाळचं चालणं तेच असतं पण दिवसभरातली पावलं हजार-दीड हजाराने घसरलेली असतात. बँडचा हा खरा उपयोग, कारण ते दुसरीकडे कुठे दिसत नाही. त्यानंतर ॲपमधलं वजन. ६८ वरून ६३ वर आलात आणि बँडमध्ये ६८ च असेल तर तो विश्रांतीचेच ५० जास्त धरतो, शिवाय चालण्याचा खर्चही जास्त. दर तीन किलोंनंतर वजन बदला. कंबर मोजा, वजन थांबलेलं असताना कंबर सेंटीमीटरभर उतरली असेल तर काम चालू आहे. यातलं काहीच नसेल तर मगच रोजचे १०० कमी करा किंवा दोन किलोमीटर वाढवा.

दर दोन-तीन महिन्यांनी गुणक नव्याने काढा. बँडचं मोठं अपडेट आलं आणि सवयी त्याच असताना रोजचा आकडा एकदम बदलला तर लगेच काढा. नवा बँड घेतला तर जुना गुणक त्याला चालत नाही. त्यासाठी पुन्हा पाच आठवडे थांबायला नको. आठवडाभर जुना आणि नवा, दोन्ही एकेका हातात घाला, प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये हात बरोबर भरा, आणि सात दिवसांच्या सरासरी शेजारी शेजारी लिहा. जुना २१५० आणि नवा १९६० दाखवत असेल तर जुन्याचे २१५० गुणिले ०.८२ म्हणजे १७६३. १७६३ भागिले १९६०, नव्याचा गुणक ०.९.